फ्रेंच प्ल्यु-क-पार्फे आणि मराठी पूर्ण भूत : दोन संयुक्त काळांचा इतिहास

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, नव्या पनवेलला लागून सुकापूर हे गाव आहे. शहराच्या वाढीबरोबर तेथे घाटावरील, कोकणातील आणि इतर प्रांतांतील कुटुंबांची वस्ती झाली असली, तरी या भागाची जुनी बोली म्हणजे आगरी होय. कुलाबा जिल्ह्यातील या बोलीची स्वतंत्र दखल ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, घेतली गेली आहे. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘तो गेला होता’ या वाक्याचे ‘तो गेलता’ असे रूप होते. ‘आला होता’ याचे ‘आलता’, ‘केला होता’ याचे ‘केलता’, ‘गेली होती’ याचे ‘गेलती’. हा विशेष केवळ आगरीचा नाही. देशावरील अनेक बोलींतही तो आढळतो. शाळेत हे रूप अशुद्ध ठरते आणि मुलांच्या वहीत त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते.

याच मुलांपैकी एखादे पुढे महाविद्यालयात फ्रेंच भाषा घेते, तेव्हा त्याच्यापुढे ‘प्ल्यु-क-पार्फे’ नावाचा काळ येतो. ‘पूर्णाहून अधिक’ असा त्या नावाचा शब्दार्थ. मराठी व्याकरणात ‘पूर्ण भूत’ म्हणून शिकविला जाणारा काळ तो हाच, असे त्याला सांगितले जाते. हे समीकरण अर्धे खरे आहे. कोणता अर्धा भाग खरा आणि कोणता फसवा, हे या दोन रूपांच्या इतिहासावाचून कळत नाही; आणि तो इतिहास पाहिल्यावर ‘गेलता’ या रूपाविषयीचा निर्णयही फेरविचारास पात्र ठरतो.

१. रूपांची घडण

प्रथम फ्रेंच रूपे पाहू जाता असे दिसते की हा काळ दोन घटकांनी सिद्ध होतो : ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या सहायक धातूचे अपूर्ण भूतकाळाचे रूप, आणि मुख्य धातूचे भूतकालवाचक धातुसाधित. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे या धातूची रूपे अशी : झाव्हे पार्ले (मी बोललो होतो), त्यू आव्हे पार्ले (तू), इल आव्हे पार्ले (तो), नू झाव्हियों पार्ले (आम्ही), व्हू झाव्हिए पार्ले (तुम्ही), इल झाव्हे पार्ले (ते). ‘आले’ म्हणजे जाणे या धातूला मात्र ‘एत्र’ लागतो : झेते आले, त्यू एते आले, इल एते आले, नू झेतियों आले, व्हू झेतिए आले, इल झेते आले. मराठी कानाला येथे एक गंमत जाणवते. फ्रेंच ‘आले’ म्हणजे ‘गेले’. ध्वनीचे हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. मराठी ‘आला’ हे ‘आगत’पासून आले आहे, आणि फ्रेंच शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

घडणीचे साम्य मात्र योगायोगाचे नाही. मराठी ‘गेला होता’ या रूपातही मुख्य धातूचे भूतकालवाचक धातुसाधित आणि सहायकाचे रूप असे दोनच घटक आहेत. ‘होता’ हे रूप ‘हो’ या धातूला जुना वर्तमानकालवाचक ‘त’ लागून झाले आहे. म्हणजे मुळात तेही ‘होत असलेला, चालू असलेला’ अशा अपूर्ण स्थितीचे वाचक. फ्रेंचमध्ये सहायक अपूर्ण भूताचा, मराठीतही सहायक मुळात अपूर्णतेचा. एक घटना पूर्ण झालेली, आणि त्या पूर्णतेची स्थिती गतकाळात चालू असलेली, असा हा दुहेरी अर्थ दोन्ही भाषांनी एकाच पद्धतीने बांधला आहे.

धातुसाधितांचे मूळ तर एकच आहे. लॅटिन ‘फाक्तुम’ (केलेले) यातील ‘त’ आणि संस्कृत ‘कृत’ यातील ‘त’ हे एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाचे दोन वंशज होत. ‘फाक्तुम’पासून फ्रेंच ‘फे’ झाले, ‘स्क्रिप्तुम’पासून ‘एक्री’ झाले. ‘गत’, ‘कृत’ या संस्कृत रूपांतील ‘त’ प्राकृतात क्षीण झाला, आणि त्या क्षीण रूपाला ‘इल्ल’ हा प्राकृत प्रत्यय जोडला जाऊन मराठीतील ‘गेला’, ‘केला’ यांतील ‘ल’ सिद्ध झाला. दोन्हीकडे मूळ प्रत्यय कानाला ओळखू येणार नाही इतका झिजला; परंतु त्याची वाक्यातील वागणूक टिकली.

२. जुने रूप नष्ट झाले, नवे कोठून आले

लॅटिन भाषेत हा काळ एकशब्दी होता. ‘फेकेरात’ या एका शब्दाने ‘त्याने केले होते’ हा अर्थ व्यक्त होई. या रूपांचा अवशेष अगदी जुन्या फ्रेंचमध्ये सापडतो. इ. स. ८८०च्या सुमाराच्या संत युलालीविषयक रचनेत ‘ऑरेत’, ‘फुरेत’, ‘व्होल्द्रेत’ अशी काही रूपे आहेत. ती लॅटिन पूर्ण-पूर्वभूताची वंशज असली तरी तेथे त्यांचा अर्थ साध्या भूतकाळाचा झाला आहे. अर्थ निसटला आणि मागोमाग रूपही गेले. पोर्तुगीज भाषेने मात्र हे एकशब्दी रूप टिकविले; ‘फिझेरा’, ‘कांतारा’ ही रूपे लिखित पोर्तुगीजमध्ये अद्याप आढळतात. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या पिढ्यांनी ती रूपे पाठ केली होती.

रिकाम्या झालेल्या जागी लोकभाषेतील लॅटिनने एक वाक्यरचना आणून बसविली : ‘माझ्याजवळ लिहिलेली पत्रे आहेत’ या घाटाची. आरंभी येथे ‘आहेत’ला खरोखरच स्वामित्वाचा अर्थ होता. पुढे लिहिणारा आणि बाळगणारा एकच असतो या नित्याच्या अनुभवाने ‘मी पत्रे लिहिली आहेत’ असा अर्थ रूढ झाला, आणि स्वामित्ववाचक धातू नुसता काळवाचक बनला. सहायक गतकाळात घातला की प्ल्यु-क-पार्फे तयार झाला.

संस्कृतचा मार्ग याला समांतर आहे. वैदिक भाषेत परोक्षभूताच्या अंगापासून झालेली एक भूतकालीन रूपमाला होती. पाश्चात्त्य अभ्यासक तिला घडणीवरून ‘प्लुपरफेक्ट’ म्हणतात, पण ‘त्याही पूर्वी’ असा निश्चित अर्थ तिला नव्हता आणि पुढे ती लोपली. अभिजात संस्कृतातील तीन भूतकाळ अनद्यतन, परोक्ष आणि सामान्य भूत या भेदांवर उभे आहेत. त्यांपैकी एकही ‘भूताच्या आधीचे भूत’ दाखविण्यासाठी नाही. प्राकृतांत ही तिन्ही रूपे मागे पडली आणि ‘क्त’प्रत्ययान्त धातुसाधितानेच क्रियापदाचे काम हाती घेतले. ‘मया पत्रं लिखितम्’ ही मूळची कर्मणी रचना मराठीत ‘मी पत्र लिहिले’ म्हणून उभी आहे. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातील ‘करवियलें’ हे क्रियापद आणि त्याच्या आधीचे तृतीयान्त कर्तृपद हा या रचनेचा मराठीतील अगदी आरंभीचा पुरावा होय. तेराव्या शतकातील लीळाचरित्राच्या गद्यात तर सारे कथन याच लकारयुक्त रूपावर चालते.

फरक आहे तो सहायकाचा. मराठीजवळ ‘आव्वार’सारखा स्वामित्ववाचक धातू नाही, ‘माझ्याजवळ आहे’, ‘मला आहे’, ‘माझे आहे’ अशा वळणाने ती स्वामित्व सांगते. म्हणून तिला ‘असणे’ आणि ‘होणे’ यांवरच भागवावे लागले. तथापि हा फरक वाटतो तितका खोल नाही. एमिल बाँव्हनिस्त यांनी १९५२ मध्ये जुन्या पर्शियनमधील ‘मना कर्तम्’ या रचनेचा विचार करून असे दाखविले की तिचा अर्थ कर्मणी नसून स्वामित्वाचा आहे : ‘माझे केलेले’. ‘आव्वार’ने जे फ्रेंच साधते, तेच षष्ठी आणि ‘असणे’ यांनी दुसरी भाषा साधते. मराठीत याचा दाखला दूर शोधावयास नको. ‘माझे जेवण झाले होते’, ‘तिचे पत्र लिहून झाले होते’ ही घरोघरची वाक्ये याच घाटाची आहेत.

३. ‘एत्र’चे धातू आणि पाणिनीचा एक नियम

फ्रेंच शिकणाऱ्याला सर्वांत जाच होतो तो कोणत्या धातूला ‘आव्वार’ आणि कोणत्या धातूला ‘एत्र’ याचा. ‘एत्र’ घेणाऱ्या धातूंची यादी पाठ करण्याची परंपरा आहे : जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत जाणे, बाहेर पडणे, वर चढणे, खाली उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे, होणे, परतणे, शिवाय सर्व आत्मवाचक क्रियापदे. यादी पाठ होते, पण तीमागील तत्त्व सांगितले जात नाही, आणि म्हणून ती लवकरच विसरली जाते.

हे तत्त्व संस्कृतज्ञाला परके वाटू नये. पाणिनीने क्त आणि क्तवतु या प्रत्ययांस निष्ठा अशी संज्ञा दिली. क्त हा सामान्यतः कर्म किंवा भाव दर्शवितो. परंतु तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एक अपवाद सांगितला आहे : गत्यर्थक धातू, अकर्मक धातू, आणि श्लिष्, शी, स्था, आस्, वस्, जन्, रुह्, जॄ हे धातू यांच्यापुढे क्त कर्त्याचाही वाचक होतो. म्हणून ‘तेन कटः कृतः’, पण ‘स ग्रामं गतः’. यांतील गती, स्था, जन् आणि रुह् यांकडे पाहावे. जाणे-येणे, राहणे, जन्मणे, चढणे : फ्रेंच यादीतील मुख्य धातू जणू येथे ओळीने उभे आहेत.

अर्थात दोन्ही नियम एक नव्हेत. फ्रेंचमध्ये ‘चालणे’, ‘धावणे’, ‘झोपणे’ हे अकर्मक असूनही ‘आव्वार’ घेतात. पाणिनीच्या कक्षेत सर्वच अकर्मक येतात. पण कारण एकच दिसते. ज्या क्रियेने कर्त्याचीच जागा किंवा अवस्था पालटते, त्या क्रियेचे धातुसाधित कर्त्याचे विशेषण होऊ शकते. ‘गेलेला मनुष्य’ म्हणता येते, कारण जाण्याचा परिणाम जाणाऱ्यावरच होतो. ‘लिहिलेला मनुष्य’ म्हणजे लिहिणारा असा अर्थ होत नाही, कारण लिहिण्याचा परिणाम पत्रावर होतो. पहिल्या प्रकारच्या धातूंना फ्रेंचने ‘असणे’ दिले, दुसऱ्यांना ‘जवळ असणे’. मराठीने सहायक एकच ठेवला, परंतु भेद प्रयोगात राखला : ‘ती गेली होती’ हा कर्तरी, ‘तिने पत्र लिहिले होते’ हा कर्मणी.

मराठीतही या भेदाची सीमा काटेकोर नाही. ‘तो धडा शिकला होता’, ‘ती पाणी प्याली होती’, ‘मी तुझे नाव विसरलो होतो’ येथे कर्म असूनही प्रयोग कर्तरी आहे. शिकणे, पिणे, विसरणे, समजणे या क्रियांचा परिणाम कर्त्यावरच अधिक होतो हे लक्षात घेतले म्हणजे हे अपवादही त्याच तत्त्वाची शाखा ठरतात. फ्रेंचमध्ये मात्र या सर्वांना ‘आव्वार’च लागतो.

४. लिंगवचनाचा मेळ

मूळ विशेषणाची वागणूक टिकली, असे वर म्हटले; ती लिंगवचनाच्या मेळात स्पष्ट दिसते. ‘एत्र’ असता धातुसाधित कर्त्याप्रमाणे चालते. ‘ती आली होती’ याचे फ्रेंच ‘एल एते व्हन्यू’. लेखनात स्त्रीलिंगाचे चिन्ह जोडले जाते, उच्चारात बहुधा ऐकू येत नाही. मराठी विद्यार्थ्याला हा भाग सोपा जातो, कारण ‘आला होता, आली होती, आले होते’ हे त्याच्या जिभेवर आहे.

‘आव्वार’ असता नियम विलक्षण आहे. ‘मी पत्र लिहिले होते’ यात धातुसाधित अविकृत राहते : ‘झाव्हे एक्री ला लेत्र’. परंतु कर्म आधी आले तर मेळ करावा लागतो : ‘ला लेत्र क झाव्हे एक्रीत’, म्हणजे ‘जे पत्र मी लिहिले होते’. फ्रेंचमध्ये पत्र स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘एक्री’चे ‘एक्रीत’ झाले. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देऊन या नियमाची शिफारस केली आणि पुढील वैयाकरणांनी ती कायम केली. फ्रेंच मुलेही येथे चुकतात.

हा नियम वरवर लहरी वाटला तरी तो जुन्या कर्मणी रचनेचा अवशेष आहे. ‘माझ्याजवळ लिहिलेली पत्रे’ असे जेव्हा वाक्य होते, तेव्हा ‘लिहिलेली’ने पत्रांशी जुळणे स्वाभाविकच होते. फ्रेंचने ती सवय अर्ध्यावर सोडली. मराठीने ती पूर्ण पाळली : ‘मी चिठ्ठी लिहिली होती’, ‘मी कागद लिहिला होता’, ‘मी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या’; कर्म आधी असो वा नंतर, धातुसाधित आणि सहायक दोघेही त्याच्याशी जुळतात. कर्माला ‘ला’ लागले की मात्र मेळ सुटतो : ‘तिने मुलीला पाहिले होते’. हा भावे प्रयोग. येथे मराठीचे नपुंसकलिंगी ‘पाहिले’ आणि फ्रेंचचे अविकृत धातुसाधित ही दोन्ही एकाच प्रवृत्तीची फळे होत.

मराठीतही कर्ता हळूहळू क्रियापदात शिरत आहे. ‘तू चिठ्ठी लिहिली होतीस’ यातील ‘स’ चिठ्ठीचा नव्हे, ‘तू’चा आहे. स्त्रीलिंग कर्माचे, द्वितीय पुरुष कर्त्याचा, आणि दोन्ही एकाच शब्दात. फ्रेंचने जे स्थित्यंतर मध्ययुगात केले, त्याचे पहिले पाऊल येथे पडलेले दिसते.

५. नाव कोठून आले

रूप देशी असले तरी त्याचे व्याकरणातील स्थान परदेशी मार्गाने आले. लॅटिन वैयाकरणांनी ‘प्लुस क्वाम पेर्फेक्तुम’ ही संज्ञा रूढ केली. १६६० मध्ये पोर्-रॉयालच्या व्याकरणात आर्नो आणि लाँस्लो यांनी तिची मीमांसा केली : काही काळ केवळ बोलण्याच्या क्षणाशी संबद्ध असतात, तर काहींत दुसऱ्या एका घटनेचाही संबंध असतो, आणि प्ल्यु-क-पार्फे हा दुसऱ्या वर्गातील होय. हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये घटनेचा, संदर्भाचा आणि भाषणाचा असे तीन बिंदू मानून जी मांडणी केली, तिचे बीज येथे आहे.

ही चौकट मराठीकडे अनेक वाटांनी आली. गोव्यातील जेझुइटांची कोकणी व्याकरणे, ज्यांत टॉमस स्टीफन्स यांचे राशोल येथे १६४० मध्ये छापलेले व्याकरण अग्रेसर आहे, लॅटिनच्या साच्यावर रचली गेली. १७७८ मध्ये रोम येथे मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण छापले गेले. १८०५ मध्ये सेरामपूरहून विल्यम कॅरीचे इंग्रजी व्याकरण निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता, आणि मरेच्या सहा काळांत प्लुपरफेक्ट हा एक होता. संस्कृत व्याकरणात ज्याला कप्पा नव्हता त्याला अशा रीतीने मराठी व्याकरणात कप्पा मिळाला. त्याच पिढीतील बाळशास्त्री जांभेकर यांनी फ्रेंच भाषेचाही अभ्यास केला होता. तेव्हा या दोन काळांची तुलना मराठी मनाला त्या काळीही अशक्य नव्हती. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त पूर्वसूरींच्या मतांची जी कसून छाननी केली, तिने हा विषय पुष्कळ पुढे नेला.

शेवटी फ्रेंच आणि मराठी यांची खरी भेट घडवून आणली ती झ्यूल ब्लॉक यांनी. आंत्वान मेये यांच्या या शिष्याचा मराठीच्या घडणीवरील प्रबंध १९१४ मध्ये सिद्ध झाला होता. महायुद्धानंतर, १९२० मध्ये, तो ग्रंथरूपाने आला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मूळ फ्रेंचवरून केलेला त्याचा अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेये यांनी १९१२ मध्येच स्वतंत्र शब्द झिजून व्याकरणाचे साधन कसा बनतो याचे विवेचन केले होते. ‘एत्र’ हा धातू ‘मी घरी आहे’ येथे अर्थपूर्ण असतो आणि ‘मी निघालो आहे’ येथे केवळ रूपाचा अंश उरतो, हे त्यांचे प्रतिपादन ‘होता’ला जसेच्या तसे लागू पडते.

६. अर्थाचा तिढा

रूपांचा हा निकट संबंध अर्थापर्यंत पोहोचत नाही, आणि समीकरण फसते ते येथे. ‘काल मी पनवेलला गेलो होतो’ हे वाक्य मराठीत स्वयंपूर्ण आहे. दुसरी कोणती घटना अपेक्षित नाही. मराठी विद्यार्थी ते ‘झेते आले’ असे भाषांतरित करतो. फ्रेंच श्रोता मात्र ‘आणि मग काय घडले?’ याची वाट पाहत राहतो. तेथे फ्रेंचमध्ये साधा संयुक्त भूत, ‘झ स्वी झाले’, हवा. उलट ‘तो म्हणाला की मी आलो आहे’ या वाक्यात मराठी वक्त्याचे मूळ शब्द राखते. फ्रेंचमध्ये तेथे ‘तो आला होता’ असा प्ल्यु-क-पार्फे आवश्यक होतो. ‘मला ठाऊक असते तर’ या संकेतार्थातही फ्रेंच हाच काळ योजते, मराठी ‘होते’ न घेता ‘असते’ घेते. म्हणजे नको तेथे वापर आणि हवा तेथे अभाव, अशा दोन्ही चुका एकाच समीकरणातून उद्भवतात.

मराठी ‘होता’चा भर पूर्वापर क्रमापेक्षा वर्तमानाशी तुटलेल्या संबंधावर अधिक आहे. ‘पाहुणे आले आहेत’ म्हणजे ते घरात बसले आहेत; ‘पाहुणे आले होते’ म्हणजे बहुधा ते परत गेले. व्लादिमिर प्लुंग्यान आणि योहान व्हान देर आउवेरा यांनी २००६ मध्ये अशा ‘खंडित भूता’ची जगातील अनेक भाषांतून तुलना केली. तथापि ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दारात उभा असलेला मनुष्य ‘जरा विचारायला आलो होतो’ असे म्हणतो, तेव्हा तो परत गेलेला नसतो. भूतकाळाने तो विनंतीची धार कमी करतो. फ्रेंच मनुष्यही अशा प्रसंगी नेमका प्ल्यु-क-पार्फे योजतो. यावरून खंडितता हा रूपाचा वाच्यार्थ नसून संदर्भातून निघणारा अर्थ आहे, असे ठरते.

हा केवळ वर्गातील प्रश्न नव्हे. समजा, एखाद्या जुन्या जबानीत ‘बापाने जमीन गहाण ठेवली होती’ असे लिहिले आहे. वाचणारा यावरून गहाण सुटले असे अनुमान करील, तर ते रूपाबाहेरचे अनुमान होय. वाक्य फक्त एवढेच सांगते की बोलणारा त्या घटनेकडे मागच्या काळात उभा राहून पाहत आहे. आणि तेच वाक्य इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये पूर्ण-पूर्वभूताने उतरविले, तर वाचणारा ‘कशाच्या आधी?’ असे विचारील आणि मूळ जबानीत नसलेला क्रम तिच्यात शोधील. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनी संपादन झाल्या. जेथे पिढ्यांचे हक्क कागदावरील क्रियापदांवर तोलले गेले, अशा प्रदेशात हा भेद जाणणे अगत्याचे आहे. मोडी पत्रांवरून घटनांचा कालक्रम लावणाऱ्या इतिहाससंशोधकालाही तीच सावधगिरी हवी : ‘गेले होते’ हे क्रमाचा पुरावा म्हणून एकट्याने पुरे पडत नाही.

७. ‘गेलता’

आता पुन्हा सुकापूरच्या बोलीकडे वळता येईल. ‘गेला होता’ यात लिंगवचन दोनदा सांगितले जाते. ‘गेलता’मध्ये धातुसाधिताचा अंत्य स्वर आणि सहायकाचा ‘हो’ हे दोन्ही गळून ते एकदाच, शेवटी सांगितले जाते : गेलता, गेलती, गेलते. आणि ‘मी’ या कर्त्याला गेलतो. ही झीज बेशिस्त नाही. ती सर्व धातूंना सारखी लागू होते आणि अर्थाचा कोणताही भेद तिच्यामुळे बुडत नाही. जोड अद्याप पक्की झालेली नाही, याचीही खूण भाषेत आहे. नकारात ‘गेला नव्हता’ असे दोन शब्द वेगळे राहतात, आणि ‘गेला तर होता’ असे म्हणताना मध्ये अव्यय शिरते. फ्रेंच सहायक आणि धातुसाधित यांच्यामध्ये आजही नकार आणि क्रियाविशेषणे येतात. तेथे दोन शब्द दोनच आहेत.

लॅटिन ‘फेकेरात’ एकशब्दी होते. ते गेले आणि दोन शब्द आले. फ्रेंच त्या दोन शब्दांवर थांबली आहे. मराठी बोलींनी तिसरे पाऊल टाकून पुन्हा एका शब्दाकडे वाटचाल केली आहे. फ्रेंच भविष्यकाळ याच मार्गाने सिद्ध झाला : धातूपुढे ‘आव्वार’ची वर्तमान रूपे चिकटून ‘पार्लरे’ (मी बोलेन) असे रूप बनले, आणि त्याला आज कोणी अशुद्ध म्हणत नाही. शाळेने ‘गेला होता’ शिकवावे हे योग्यच आहे. लिखित मराठीचे ते प्रमाण रूप आहे. परंतु ‘गेलता’ म्हणणाऱ्या मुलाने भाषा बिघडविली असे म्हणण्यास भाषेच्या इतिहासात आधार नाही. त्याच्या तोंडी एका दीर्घ प्रक्रियेचा पुढील टप्पा आहे. त्याला प्ल्यु-क-पार्फे शिकवावयाचा तर त्याच्या या एकशब्दी रूपातील दोन घटक त्याला उलगडून दाखवावेत. ‘गेल’ आणि ‘ता’ वेगळे करता आले, की ‘एते’ आणि ‘आले’ जोडणे त्याला अवघड जाणार नाही.